हाताने वाढवायच्या पिल्लांसाठी घरगुती ब्रूडर: ऊब कशी द्यावी आणि कशी राखावी

पोपट, कॉकटील, लव्हबर्ड, बजरीगर, फिंच किंवा कबूतर यांची पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तेव्हा अंगावर पिसे नसतात, असलीच तर विरळ लव असते, आणि डोळे मिटलेले असतात. प्रौढ पक्ष्याच्या शरीराचे तापमान सर्वसाधारणपणे ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. पिल्लाला मात्र पहिल्या काही दिवसांत स्वतःचे तापमान राखता येत नाही, आणि भोवतालची हवा जशी असेल तसे त्याचे शरीर होत जाते. घरट्यात ही उणीव आईबाप अंगाखाली घेऊन भरून काढतात. हाताने वाढवताना ते काम ऊब देणाऱ्या खोक्यावर, म्हणजे ब्रूडरवर, येते, आणि पिल्ले दगावण्याचे कारण पुष्कळदा चुकीच्या आहारापेक्षा चुकीच्या तापमानात सापडते, कारण अंग गारठले की पचन थांबते, पचन थांबले की गळ्याखालच्या पिशवीत, म्हणजे क्रॉपमध्ये, अन्न पडून राहते, आणि पडून राहिलेले अन्न आंबून त्यात जंतू वाढतात.

कोंबडीच्या पिल्लांसाठी दिलेल्या सूचना येथे जशाच्या तशा वापरू नयेत. कोंबडीचे पिल्लू पहिल्या दिवसापासून चालते. त्याला एका कोपऱ्यात दिवा लावून दिला की गरम वाटल्यास ते दूर जाते आणि थंडी वाटल्यास जवळ येते. पोपटाच्या उघड्या पिल्लाला तशी निवड करता येत नाही. ते जेथे ठेवले तेथेच पडून राहते, त्यामुळे नेमक्या त्या जागेचे तापमान योग्य असणे, आणि उपकरण बिघडले तरी पिल्लू वाचेल अशी आधीच सोय असणे, या दोन गोष्टी घरगुती ब्रूडर बांधताना सर्वांत आधी पाहाव्यात.

एक खुलासा येथेच करणे बरे. अंगणात पडलेले रानपक्ष्याचे पिल्लू सापडले तर त्याला ब्रूडरमध्ये ठेवण्याआधी घरटे जवळपास आहे का ते पाहावे आणि शक्य असल्यास परत घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लू टाकून देतात ही समजूत खरी नाही. घरटे सापडत नसेल किंवा पिल्लू जखमी असेल तर ते पक्ष्यांच्या डॉक्टरकडे किंवा वन्यजीव बचाव केंद्राकडे पोहोचेपर्यंत ऊब देणे एवढेच आपले काम आहे. रानपक्षी घरी ठेवण्यावर बहुतेक ठिकाणी कायद्याने निर्बंध असतात.

खोका

तीन-चार मध्यम आकाराच्या पिल्लांसाठी सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच असा झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा पुरतो. काचेची माशांची टाकीही चालते. ती धुण्यास सोपी असते आणि आतले सर्व काही दिसते, परंतु काचेतून उष्णता बरीच निघून जाते, म्हणून तीन बाजूंना बाहेरून जाड पुठ्ठा किंवा थर्माकोल लावावा. थर्माकोलचे खोके ऊब उत्तम धरते, पण ते आतून उघडे ठेवू नये: मोठी होऊ लागलेली पिल्ले ते टोचून गिळतात, आणि गरम बल्बचा स्पर्श झाला तर ते वितळते. पुठ्ठ्याचे खोके दोन-तीन दिवसांच्या अडचणीपुरते ठीक आहे. त्यापुढे ओल, विष्ठा आणि उष्णता यांच्यासमोर ते टिकत नाही आणि निर्जंतुकही करता येत नाही.

डब्याचे आडवे दोन भाग करावेत. एक तृतीयांश भाग उष्णतेच्या साधनासाठी आणि उरलेला पिल्लांसाठी ठेवून मध्ये बारीक जाळीची किंवा भोके पाडलेली पक्की भिंत घालावी. पिल्लू कोणत्याही परिस्थितीत बल्बपर्यंत पोहोचता कामा नये, आणि वायर त्याच्या चोचीच्या टप्प्यात येता कामा नये. हवा खेळण्यासाठी ६ ते ८ मिलिमीटरची भोके पाडावीत: काही उष्णतेच्या भागात तळाजवळ आणि काही समोरच्या टोकाला झाकणाजवळ. या रचनेचा फायदा असा, की बाहेरची गार हवा खालून आत येते, आधी साधनाजवळ तापते आणि मग पिल्लांकडे जाऊन वरच्या भोकांतून बाहेर पडते. भोके उलट पाडली, म्हणजे पिल्लांच्या बाजूला खाली आणि साधनाच्या बाजूला वर, तर गार झोत थेट पिल्लांच्या अंगावर येतो आणि तापमापक योग्य आकडा दाखवत असतानाही पिल्ले गारठतात. सुरुवातीला मोजकीच भोके पाडून चाचणीनंतर वाढवावीत. पाडलेले भोक बुजवणे जास्त कटकटीचे असते.

उष्णतेचे साधन

तारेचा जुना पिवळा बल्ब हे सर्वांत सोपे साधन आहे. एलईडी बल्ब या कामाचा नाही, कारण त्यातून ऊब फारशी मिळत नाही. बल्बचे दोन दोष आहेत. तो रात्रभर उजेड देतो, आणि त्याची तार कधीही तुटू शकते. उजेडासाठी बल्बपुढे पत्र्याचा आडोसा ठेवता येतो. तार तुटण्यावर उपाय म्हणजे एका मोठ्या बल्बऐवजी दोन लहान बल्ब वेगवेगळ्या होल्डरमध्ये लावणे. एक गेला तरी दुसरा खोका पूर्ण गार होऊ देत नाही.

सिरॅमिक हीटर उजेड न देता उष्णता देतो आणि वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून कायमचा ब्रूडर करायचा असेल तर तोच घ्यावा. त्याचा पृष्ठभाग मात्र अतिशय तापतो. त्याला चिनीमातीचाच होल्डर लागतो, प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो, आणि भोवती तारेचा पिंजरा अत्यावश्यक असतो. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. काही उष्णतेच्या दिव्यांवर काच फुटू नये म्हणून टेफ्लॉनसारखा लेप दिलेला असतो. तो तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकतो, आणि आपल्याला त्याचा वासही येत नाही. वेष्टनावर दिव्याला असा लेप नाही याची खात्री झाल्याशिवाय तो वापरू नये. त्याच कारणाने ब्रूडर स्वयंपाकघरात किंवा त्याला लागून असलेल्या खोलीत ठेवू नये, कारण न चिकटणारा तवा रिकामा तापला तरी तोच धोका उद्भवतो.

हीटिंग पॅडबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. तो आत कधीच ठेवू नये. ठेवायचाच तर खोक्याच्या बाहेर, तळाच्या अर्ध्या भागाखाली, सर्वांत कमी तापमानावर ठेवावा. अंगदुखीसाठी विकले जाणारे बहुतेक पॅड ठरावीक वेळाने आपोआप बंद होतात. ही सोय माणसाच्या सुरक्षिततेसाठी असते. पिल्लांच्या बाबतीत मात्र तीच पहाटे घात करते. शिवाय खालून येणाऱ्या उष्णतेने पिल्लाचे पोट भाजते आणि पाठ गार राहते, आणि वरची हवा मोजणाऱ्या तापमापकाला याचा पत्ता लागत नाही. मेणबत्ती, कोळसा, रॉकेलची शेगडी यांचा विचारही करू नये. बंद जागेतील धूर आणि कार्बन मोनॉक्साइड यांना पक्षी माणसाच्या कितीतरी आधी बळी पडतात.

थर्मोस्टॅट आणि सेन्सर

बल्ब खालीवर करून किंवा झाकण उघडझाक करून तापमान राखणे एखाद्या दुपारपुरते जमते, रात्रभर जमत नाही. म्हणून सेन्सरची वायर असलेला डिजिटल थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानानुसार हीटर आपोआप चालू-बंद करणारे उपकरण, घ्यावा आणि चालू-बंद होण्यातील फरक अर्ध्या अंशापेक्षा जास्त नसेल अशी त्याची मांडणी करावी.

सेन्सर कोठे लावला यावर सगळे अवलंबून असते. तो पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, पिल्लांच्या भागात, बल्बची थेट धग लागणार नाही अशा जागी भिंतीला घट्ट बांधावा. नुसता सोडलेला सेन्सर दोन तऱ्हांनी दगा देतो. पिल्लू सरकत जाऊन त्यावर बसले तर तो पिल्लाचे तापमान मोजतो, खोका पुरेसा गरम आहे असे समजून हीटर बंद ठेवतो आणि बाकीची पिल्ले गारठतात. उलट, साफसफाईच्या वेळी सेन्सर ओढला जाऊन खोक्याबाहेर पडला, तर तो खोलीचे तापमान मोजत राहतो, हीटर कधीच बंद होत नाही, आणि तासाभरात पिल्ले उष्णतेने मरतात. दुसरी चूक पहिलीपेक्षा फार घातक आहे, म्हणून वायर आत शिरते त्या भोकापाशीही तिला गाठ किंवा क्लिप असावी.

थर्मोस्टॅट स्वतः बिघडला तर काय, हाही प्रश्न सोडवून ठेवावा लागतो. स्वस्त थर्मोस्टॅटमधला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा आतला स्विच, कधीकधी चालू स्थितीतच चिकटतो. यावर चांगला उपाय म्हणजे दुसरा थर्मोस्टॅट पहिल्याला एकापुढे एक जोडणे आणि तो दीड ते दोन अंश वर लावणे. पहिला अडकला तर दुसरा वीज तोडतो. वायरिंगची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. दुसरा थर्मोस्टॅट शक्य नसेल तर बल्बची ताकद तरी विचारपूर्वक निवडावी: थर्मोस्टॅट बाजूला ठेवून बल्ब सलग काही तास चालू ठेवावा आणि तापमान कोठे स्थिरावते ते पाहावे. ३६ अंशांची गरज असताना ते ३८ किंवा ३९ वर थांबत असेल तर बल्ब योग्य आहे. ४५ च्या पुढे जात असेल तर तो खोक्याच्या मानाने फार मोठा आहे. हा हिशेब खोलीच्या तापमानावर अवलंबून असल्याने ज्या खोलीत दिवसरात्र फार फरक पडत नाही, ऊन आत येत नाही आणि पंख्याचा वारा लागत नाही, तीच खोली निवडावी.

पाण्याने भरलेली, बूच घट्ट लावलेली एक-दोन प्लॅस्टिकची बाटली खोक्यात ठेवण्याची युक्ती फार उपयोगी आहे. पाणी हळू तापते आणि हळू निवते. त्यामुळे हीटर चालू-बंद होताना होणारे चढउतार सौम्य होतात, आणि वीज गेली तरी काही काळ तीच बाटली ऊब देत राहते.

ओलावा

कोरड्या गरम हवेत उघड्या पिल्लाच्या कातडीतून पाणी उडून जाते. कातडी सुरकुतते, लालसर दिसते आणि क्रॉपमधले अन्न घट्ट होऊन पुढे सरकत नाही. पहिल्या आठवड्यात सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास, पुढे ५० टक्क्यांच्या आसपास असावी. त्यासाठी उष्णतेच्या भागात, जाळीपलीकडे, रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी ठेवून त्यावर भोकांचे झाकण घालावे, म्हणजे पिल्लू चुकूनही बुडत नाही. आर्द्रता कमी पडली तर त्यात स्पंजचा तुकडा उभा ठेवावा. पाण्याची खोली वाढवून काही होत नाही, हवेला लागणारा ओला पृष्ठभाग वाढवावा लागतो. भिंतींवर थेंब जमू लागले तर वरची भोके वाढवावीत, कारण ओल आणि ऊब एकत्र आली की बुरशी लगेच धरते आणि पक्ष्यांच्या फुप्फुसांना ती फार बाधते. पाणी रोज बदलावे.

अंथरूण

तळ गुळगुळीत असेल तर पिल्लाचे पाय बाजूला फाकतात आणि काही दिवसांत कायमचे वाकतात. म्हणून वर्तमानपत्राचा नुसता कागद घालू नये. पिल्ले एका लहान वाडग्यात ठेवावीत, खाली घट्ट विणीच्या सुती कापडाची घडी आणि त्यावर छपाई नसलेला टिश्यू पेपर घालावा. वाडग्याच्या उतरत्या कडांमुळे पिल्ले एकमेकांना टेकून बसतात आणि पाय पोटाखाली राहतात. लूप असलेला टॉवेल नको, त्यात नखे अडकतात. लाकडाचा भुसा पिल्ले गिळतात, म्हणून तोही लहान वयात टाळावा. वरचा टिश्यू प्रत्येक खाण्याच्या वेळी बदलावा.

पिल्लू ठेवण्याआधीची चाचणी

ब्रूडर किमान २४ तास रिकामा चालवून पाहावा, आणि त्यात पहाटेची सर्वांत थंड वेळ आलीच पाहिजे. एका तापमापकावर विसंबू नये. तापमापक पारखण्यासाठी तो कोमट पाण्यात तापाच्या थर्मामीटरसोबत धरावा आणि दोन्ही आकडे जुळतात का ते पाहावे. फरक असेल तर तो लिहून खोक्यावर चिकटवावा. आर्द्रतामापकाची पारख अशी करता येते: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबथेंब पाण्याने ते ओल्या वाळूसारखे करावे, मीठ आणि मापक एका हवाबंद पिशवीत सुमारे १२ तास ठेवावेत. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते, आणि मापक जो आकडा दाखवेल त्यावरून त्याची चूक कळते.

चाचणीत नुसती हवा मोजून थांबू नये. एका लहान पिशवीत थोडे पाणी भरून, त्यात तापमापकाचे टोक ठेवून, पिशवी वाडग्यात पिल्लाच्या जागी ठेवावी. हवेचे तापमान क्षणाक्षणाला नाचते. पिशवीतले पाणी पिल्लाच्या शरीराप्रमाणे सावकाश बदलते, आणि रात्रभरानंतर त्याचा आकडा पाहिला की पिल्लाला प्रत्यक्षात काय मिळणार आहे ते समजते.

किती अंश?

पोपटवर्गातील पिल्लांना पहिल्या पाचेक दिवसांत ३५ ते ३६.५ अंश सेल्सिअस लागतात. त्यानंतर, अंग अजून उघडेच असेपर्यंत, ३२ ते ३४.५. पिसांचे कोंब कातडीतून बाहेर येऊ लागले की २९ ते ३२, अंग बरेचसे कोंबांनी झाकले आणि ते उमलू लागले की २६ ते २९, आणि पिसे पूर्ण आली की २२ ते २५ अंशांची खोली पुरते. वयाच्या दिवसांपेक्षा पिसांकडे पाहून उतरावे, कारण बजरीगराची पिसे जेवढ्या दिवसांत येतात त्याच्या कितीतरी जास्त दिवस मकाव किंवा काकाकुवाला लागतात. उतार एकदम करू नये. दर एक-दोन दिवसांनी अर्धा ते एक अंश पुरे. पिल्लू एकटेच असेल तर त्याच वयाच्या चार पिल्लांपेक्षा त्याला साधारण एक अंश जास्त द्यावा, कारण चार पिल्ले एकमेकांना ऊब देतात. आजारी किंवा अशक्त पिल्लालाही वरचाच आकडा द्यावा.

हे आकडे सुरुवात कोठून करावी ते सांगतात. शेवटचा शब्द पिल्लाचा. ऊब योग्य असलेले पिल्लू मान सैल सोडून, शेजारच्याच्या पाठीवर डोके टेकून झोपते. कातडी फिकट गुलाबी असते, बोटाला पाय कोमट लागतात, श्वास शांत असतो, आणि खाण्याची वेळ झाली की ते जोरात मान हलवून ओरडते. गार पडलेले पिल्लू फिकट दिसते. पिल्ले एकमेकांत घट्ट घुसतात, पाय गार लागतात, तोंड उघडण्याचा उत्साह राहत नाही आणि मागच्या वेळचे अन्न क्रॉपमध्ये तसेच फुगलेले दिसते. फार गरम होत असेल तर पिल्ले एकमेकांपासून दूर सरकतात, माना आणि पंख ताणून पडतात, चोच उघडी ठेवून धापा टाकतात आणि कातडी लाल होते. क्रॉप रिकामी होण्यास उशीर लागतो आहे असे दिसले तर आहार बदलण्याआधी तापमान पाहावे. बहुधा उत्तर तेथेच असते.

खाणे भरवताना

ब्रूडरमधून काढलेले उघडे पिल्लू दोन-तीन मिनिटांत निवते. म्हणून आधी अन्न तयार करावे, हात गरम पाण्याने धुऊन कोरडे करावेत, आणि मगच एकेक पिल्लू गरम कापडात घेऊन भरवावे; सगळी एकदम बाहेर काढून ठेवू नयेत. अन्नाचे तापमान ३९ ते ४० अंश असावे आणि ते तापमापकानेच पाहावे. त्याहून गार अन्न पिल्लू नाकारते किंवा ते पचत नाही. ४३ अंशांपुढचे अन्न क्रॉप भाजते. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या अन्नात गरम गोळे राहतात, त्यामुळे अन्न गरम पाण्यात भांडे ठेवूनच तापवावे आणि चांगले ढवळावे.

गारठलेल्या पिल्लाला खाऊ घालू नये, हा नियम कितीही कनवाळूपणा आला तरी मोडू नये. त्याला आधी ओंजळीत किंवा कपड्याआड अंगाशी धरावे, मग योग्य तापमानाच्या ब्रूडरमध्ये ठेवावे. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा किंवा दिव्याखाली धरणे अशी घाई करू नये. पाय कोमट लागू लागले आणि पिल्लू स्वतःहून तोंड उघडू लागले की पहिले खाणे पातळ आणि थोडे द्यावे. तासाभरात ते सावरले नाही तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यावे.

वीज गेली तर

गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या किंवा जाड बाटल्या हाताशी असाव्यात. पाणी हाताला सोसवेल इतकेच गरम घ्यावे, पिशवी कापडात दुहेरी गुंडाळावी आणि वाडग्याच्या एका बाजूला ठेवावी, खाली नाही. खोक्यावर चादर घालावी, पण वरची भोके उघडी ठेवावीत. साधारण तासातासाने पिशवी बदलावी, कारण निवलेली पिशवी नंतर पिल्लाचीच ऊब ओढून घेते. वीज परत आल्यावर थर्मोस्टॅट आपल्याच मांडणीवर सुरू झाला का, की कारखान्याच्या मूळ आकड्यावर परत गेला, हे न चुकता पाहावे. काही उपकरणे मांडणी विसरतात. हे चाचणीच्या दिवशीच प्लग काढून आणि लावून तपासलेले बरे.

स्वच्छता आणि ब्रूडरमधून बाहेर

आठवड्यातून किमान एकदा, आणि पिल्लांची प्रत्येक तुकडी बाहेर पडल्यावर, खोका साबणाने धुऊन, पाण्यात पातळ केलेल्या ब्लीचने पुसून, भरपूर पाण्याने खळबळून पूर्ण वाळवावा. त्या वेळी पिल्ले ठेवण्यासाठी उबदार दुसरा डबा आधी तयार असावा. वास शिल्लक असताना पिल्ले परत ठेवू नयेत. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली पिल्ले एका खोक्यात ठेवण्याचा मोह टाळावा. एका तुकडीचा आजार दुसरीत जाण्यास एवढे निमित्त पुरते.

पिसे पूर्ण आली, खोक्याचे तापमान खोलीच्या बरोबरीला आले आणि पिल्लू काडीवर बसू लागले की ते पिंजऱ्यात हलवावे. हलवणे सकाळी करावे, म्हणजे दिवसभर त्याच्याकडे लक्ष देता येते. पहिल्या दोन-तीन रात्री ब्रूडर रिकामा पण २६ अंशांवर चालू ठेवावा, आणि पिल्लू पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून, एकाच जागी बसून राहिलेले दिसले तर त्याला रात्रीपुरते परत आत ठेवून दुसऱ्या दिवशी वजन करावे. वजन सलग घटत असेल तर पिंजऱ्यात हलवणे आठवडाभर पुढे ढकलावे.